घावण्याचा तवा वेगळा ठेव

पत्र:

"काकू, वेंगुर्ल्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. मुलगा अडीच वर्षांचा. दहा महिन्यांचा असताना उकडलेलं अंडं भरवलं तर अंगभर गांध्या उठल्या. दुधातली लापशी दिली की पुरळ आणि उलटी. गेल्या मार्चात अंगणात काजू फोडायचं काम चाललं होतं, त्याने एक गर उचलून तोंडात टाकला. ओठ सुजले, खोकला सुरू झाला, रात्र इस्पितळात काढली. नंतर गोव्यात नेऊन तपासण्या केल्या. डॉक्टरांनी दूध, अंडं, काजू आणि पिस्ता बंद सांगितलंय. नारळ, शेंगदाणे, मासे, गहू, डाळी चालतात. पण हा खातो कुठे? सकाळी कोऱ्या चहात बिस्किट, नाहीतर नुसता पांढरा भात. ताटात रंग दिसला की ताट सरकवतो. मासे म्हणाल तर फक्त तळलेले मुडदुशे. मुंबईची नणंद ओट्स आणि बदामाच्या दुधाचे व्हिडिओ पाठवते. सासूबाई म्हणतात, 'आमच्या येळाक असला काय नव्हता, वाईच खाल्ल्यान तर काय होवचा नाय.' धाकटी पाच महिन्यांची आहे, तिलाही अंडं-काजू द्यायचंच नाही का? आणि रोज नाश्त्याला करू काय?"

उत्तर:

नणंदेच्या व्हिडिओंचं आधी उरकून टाकते. ज्या घरांत सकाळी दूध-कॉर्नफ्लेक्स, टोस्ट आणि ऑम्लेट असतं, त्या घरांसाठी त्या पाककृती आहेत. तिथे दूध आणि अंडं काढलं की ताटात काही उरत नाही, म्हणून बदामाचं दूध आणायचं. तुझ्या घरात सकाळी काय होतं ते आठव. घावणे, आंबोळी, शिरवळे, खापरोळी, पेज, तांदळाची उकड, फणसाच्या दिवसांत सांदणं, श्रावण-भाद्रपदात पातोळे. उकडीतलं ताक सोडलं, तर यातल्या एकातही मुळात दूध नाही, अंडं नाही. काजू पडतो तो हौसेने, वरून. आपल्याकडे गाईम्हशींपेक्षा माड जास्त, म्हणून रस नारळाचा. त्या गरिबीतून आलेला नाश्ता तुझ्या मुलाच्या तब्येतीला नेमका बसतोय. बदामाचं दूध राहू दे दुकानात.

मग अडतंय कुठे? तव्यावर.

माझ्या भाच्याला अंड्याची अ‍ॅलर्जी होती. तो सुट्टीत माझ्याकडे आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, घावण्यात अंडं नसतं, पोटभर खा. दुसऱ्या घावण्याला त्याच्या गालावर आणि मानेवर गांध्या आल्या. आदल्या रात्री त्याच बिडाच्या तव्यावर मी ऑम्लेट केलं होतं आणि नेहमीप्रमाणे फडक्याने पुसून ठेवलं होतं. बिडाचा तवा साबणाने खसाखसा घासला तर दुसऱ्या दिवशी घावणे चिकटतात, म्हणून आपण सगळ्याच तो पुसून ठेवतो. आहाराचे सल्ले देऊन वर्षं लोटलेली बाई मी, आणि माझ्याच स्वयंपाकघरात हे झालं. तेव्हापासून माझ्याकडे दोन तवे आहेत. अंड्याचा तवा मागच्या पडवीत, त्याचं उलथनंही तिथेच.

तूही तेच कर. घावण्याचा तवा, उलथनं, पिठाचा डाव आणि तेल लावायची नारळाची शेंडी, एवढं वेगळं. मुडदुशे तळायची कढईही त्यातच धर. ज्या तेलात अंड्याचं काही तळलंय त्यात त्याचे मासे नकोत. अंडं घरातून हद्दपार करायची गरज नाही, पण ते दुपारी किंवा रात्री, आणि नंतर हात-ओटा साबणपाण्याने धुवायचा. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने प्रथिनं जात नाहीत.

आता बिस्किट. दुकानदार "दूध नाही" म्हणतो ते त्याला पाकिटावर दुधाचा पेला दिसत नाही म्हणून. साध्यातल्या साध्या ग्लुकोज बिस्किटातही बहुधा दुधाचा अंश असतो. पाकीट उलटं करून घटक वाच. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, लोणी, दुधाची भुकटी, यातलं काही दिसलं तर नको. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे दूध, अंडं, शेंगदाणे, कठीण कवचाचा सुकामेवा, मासे, सोया वगैरेंचा उल्लेख पाकिटावर वेगळा करावा लागतो. घटकांच्या यादीखाली तो सापडेल. बेकरीतून सुट्या येणाऱ्या बटर-खारीवर असं काहीच छापलेलं नसतं, म्हणून ती बंदच. त्याला अजून बिस्किटाने पुरळ आलेलं नसेल तर ते डॉक्टरांना सांग, कारण भाजलेल्या पदार्थातलं थोडं दूध काही मुलांना सोसतं. पण ते त्यांनी ठरवायचं, आपण घरी प्रयोग करायचा नाही.

आणि कोरा चहा सोडव. बिनदुधाचा आहे म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. सकाळी सातला चहा-बिस्किट पोटात गेलं की नऊ वाजता तुझ्या घावण्याला भूक कुठून येणार? माझ्या मते त्याच्या नाटकांचं निम्मं कारण हे आहे. उठल्यावर पाणी दे, नाहीतर पेजेवरचं कोमट पाणी मीठ घालून, आणि तास-दीड तासात नाश्ता. मध्ये काही नाही. दोन दिवस रडेल.

उरलेलं निम्मं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. या वयात नव्या पदार्थाला नाही म्हणणं हे सगळ्याच मुलांचं असतं, शिवाय वर्षानंतर वाढीचा वेग कमी होतो तशी भूकही. पण तुझ्या लेकाच्या तोंडाने तीनदा मार खाल्लाय. खाल्लं आणि जीव घुसमटला, हे त्याला शब्दांत सांगता येत नसलं तरी अंगात राहिलंय. पांढरा भात त्याला कधी बाधला नाही, म्हणून पांढऱ्यावर विश्वास. त्यातून तू भरवताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बसत असशील, पुरळ येतंय का पाहत. ते त्याला कळतं. म्हणून त्याला हट्टी म्हणू नकोस. आणि एखादा पदार्थ खाताना तो जीभ खाजवू लागला, "टोचतं" म्हणाला, तर लाड समजून पुढचा घास कोंबू नकोस. तिथेच थांब आणि लक्ष ठेव.

पांढरं आवडतं ना? मग पांढऱ्यापासूनच सुरुवात कर.

घावणे तुला मी काय शिकवणार, पण लहान मुलासाठी दोन गोष्टी सांगते. वाटीभर तांदळाच्या पिठाला दोन वाट्या पाणी, ताकाइतकं पातळ, आणि दर डावाला खालपासून ढवळून, कारण पीठ तळाशी बसतं. तूप चालत नाही, तेव्हा तव्याला खोबरेल लाव. तुपात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो, डॉक्टर हो म्हणेपर्यंत घरचं कढवलेलंही नको. घावणा बशीएवढा न घालता पळीभर पिठाचा, तळहाताएवढा. मोठा घावणा समोर आला की मूल आधीच हरतं. सोबत वाटीत नारळाचा रस आणि गूळ, बुडवून खायला. त्याने तीन छोटे घावणे खाल्ले तर नाश्ता झाला, आणखी आग्रह नको.

आठवडाभर हे जमलं की वाटीभर पिठात चमचाभर भिजवून वाटलेली मूगडाळ घाल. रंग जेमतेम पिवळसर दिसतो. पुढच्या आठवड्यात दोन चमचे. असं करत पाव वाटीपर्यंत गेलीस तर त्याला सकाळीच चांगली प्रथिनं मिळतील. त्याच्या नजरेआड लपवून घालू नकोस. डाळ त्याच्या हातून पिठात पडू दे. पकडले गेलो तर मुलाचा त्या एकुलत्या एका पदार्थावरचाही विश्वास जातो, आणि तुझ्याकडे गमवायला पदार्थ फार नाहीत.

आंबोळी आणखी चांगली, तीन वाट्या तांदळाला वाटीभर उडीद. फक्त आपल्या हवेत, त्यातून एप्रिल-मेमध्ये, पीठ रात्रभरात आंबून आंबट ढाण होतं आणि मुलं तोंड वाकडं करतात. उशिरा वाट, नाहीतर फुगलं की लगेच त्याच्या वाट्याच्या आंबोळ्या घालून घे. काळ्या वाटाण्याची उसळ मोठ्यांना. त्याला त्यातलेच दोन-तीन वाटाणे बोटाने चेचून बशीच्या कडेला. खाल्ले नाहीत तरी राहू देत. एखादा पदार्थ मुलाने स्वीकारायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि आपण तिसऱ्या वेळेला "याला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो.

शिरवळे रविवारी. साचा माळ्यावर असेल तर उतरव. वेळ लागतो, उकडीचे गोळे शिजवा, दाबा, हात भाजून घ्या, पण वरून शेवया पडताना बघायला मूल स्वयंपाकघरात येऊन उभं राहतं. स्वतः दांड्याला हात लावलेला पदार्थ खायचा संभव मोठा. सासूबाईंना या कामाला लाव. त्यांचा सूरही बदलेल, कारण नातवाला चालणारं जे आहे ते सगळं त्यांच्याच हातचं आहे.

नारळाच्या बाबतीत एक गंमत सांगते. एका घरी आजी नातवाला नारळाचं दूध देईनात, "डॉक्टरांनी दूध बंद सांगितलंय". नावात दूध आहे एवढंच. गाईच्या दुधातली प्रथिनं त्यात नाहीत. याउलट म्हशीचं किंवा शेळीचं दूध "हलकं" म्हणून कुणी सुचवलं तर साफ नको. त्यांची प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की अंग ती वेगळी ओळखत नाही. पण नारळाच्या रसाने दुधाची जागा भरून निघते असंही समजू नकोस. चरबी भरपूर, प्रथिनं बेताची, कॅल्शियम नावाला.

कॅल्शियमचा हिशेब म्हणूनच वेगळा मांडायला हवा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे तीन मोठे चमचे, तीसेक ग्रॅम पिठाच्या खिरीतून शंभरेक मिळेल. पण नाचणीचं सत्त्व, जे आपण वस्त्रगाळ करून वाळवतो, त्यात हे फारसं उरत नाही. कॅल्शियम बरंचसं सालीकडे असतं आणि साल आपण गाळून टाकतो. मोड आणून, वाळवून, दळलेलं पीठ वापर. गूळ आणि नारळाचा रस घालून शिजव. रंगाने मात्र ती त्याच्या लेखी शत्रूच असणार! तेव्हा सुरुवात घावण्याच्या पिठात अर्ध्या चमच्याने. नाचणीवर सगळं भागणार नाही. कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध किंवा औषधाच्या रूपात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारच. दूध बंद असलेल्या मुलाची उंची-वजन दर दोन-तीन महिन्यांनी मांडून ठेवायला हवी. गावच्या अंगणवाडीत वजनकाटा असतोच.

मुडदुशे खातो म्हणतेस आणि तक्रार करतेस? मासे खाणारं मूल असेल तर माझी काळजी निम्मी होते. काटा काढून, रात्रीचाच ताजा तुकडा सकाळी घावण्याबरोबर दे. आपल्याकडे मोठी माणसं रात्रीचं माशांचं तिखलं सकाळी घावण्याशी खातातच, मग त्यानेच का नाही? शेंगदाणे चालतात तर तेही चालू ठेव. जे सोसतं ते भीतीपोटी बंद करायचं नाही. दाण्याचं कूट मऊभातात, नाहीतर गुळाबरोबर पातळ करून. मात्र दाणे घरी भाजून घरी कुटायचे. दुकानात एकाच मापाने दाणे, फुटाणे आणि काजूकणी भरतात. आख्खा दाणा किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातात नको, या वयात तो श्वासनलिकेत अडकतो.

काजूचं मोसमात काय करायचं, हा तुमच्या घरचा खरा अवघड प्रश्न आहे. फेब्रुवारी ते मे अंगणात बिया, टोपल्या, फोडायला बसलेली माणसं. रोजगार आहे तो, थांबवा म्हणणार नाही. पण फोडणं-सोलणं घराच्या एका बाजूला, जिथे तो जाणार नाही तिथे, आणि काम झालं की हात धुऊन, कपडे बदलून मगच मुलाला घ्यायचं. ओल्या काजूगरांची उसळ दोन वर्षं शेजारी जाऊन खाल्लीत तर बिघडत नाही. हापूसचं विचारलं नाहीस, पण मनात येईल, कारण आंबा आणि काजू एकाच कुळातले. काजूच्या अ‍ॅलर्जीच्या बहुतेक मुलांना आंबा सोसतो. आधी डॉक्टरांना विचार, आणि देशील तेव्हा साल आणि देठाचा चीक लांब ठेवून, कारण चिकाने तोंडाभोवती वेगळंच पुरळ उठतं आणि मग उगाच घाबरगुंडी.

सासूबाईंना "काही होत नाही" हे वाक्य कसं सोडवायचं? त्यांच्याशी वाद घालू नकोस. गेल्या मार्चातली रात्र त्यांनीही पाहिली आहे. डॉक्टरांच्या पुढच्या खेपेला त्यांना बरोबर ने आणि जे सांगायचं ते डॉक्टरांच्या तोंडून सांगू दे. सत्यनारायणाच्या प्रसादाचं मात्र आत्ताच ठरवून ठेवा. त्या शिऱ्यात दूध, तूप आणि काजू, तिन्ही एकाच चमच्यात असतात, आणि प्रसादाला नाही म्हणायला आपल्याकडे कुणाची जीभ रेटत नाही. त्याच्या हातावर प्रसादातलं केळं ठेवायचं, शिऱ्याला न लागलेलं. देव समजून घेतो, शेजारच्या काकू घेतील न घेतील.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच कर. काजूने त्याला एकदा ओठसूज आणि खोकला झालाय, म्हणजे पुढची खेप आणखी वाईट असू शकते. श्वास घरघरणं, आवाज बसणं, लागोपाठ उलट्या, मूल गळून जाणं, यातलं काहीही एक दिसलं, अंगावर गांध्या असोत वा नसोत, तर अ‍ॅलर्जीचं सिरप पाजून वाट पाहत बसायचं नाही. सिरप गांध्यांपुरतं. जीव वाचवतं ते मांडीत द्यायचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. ते घरी ठेवायचं का, किती द्यायचं, कुणी द्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणि हाताने करून दाखवून घे. मूल आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर पाय पसरून बसवायचं, खांद्यावर उभं धरून पळायचं नाही. १०८ ला फोन, आणि तुमच्या गावापासून सर्वांत जवळ कुठे हे इंजेक्शन रात्री-अपरात्री मिळतं ते आजच विचारून ठेव. पावसाळ्यात साकवावर पाणी आलं तर दुसरा रस्ता कोणता, तेही.

दुधाची आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. काजूची सहसा राहते. गेली की नाही ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं-थोडं खाऊ घालून पाहतात. नुसता रक्ताचा रिपोर्ट पुरेसा नसतो, कारण रिपोर्टमध्ये आकडा येऊनही मूल तो पदार्थ निवांत खातं असं पुष्कळदा दिसतं. म्हणून कुणी पन्नास पदार्थांची एकत्र तपासणी करून यादी हातात दिली तर त्या यादीवरून ताट रिकामं करू नकोस.

आता धाकटी. तिचं सगळं बंद ठेवायचं, ही जुनी समजूत झाली. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला लीप नावाचा अभ्यास आहे. ज्यांना धोका जास्त अशा बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, तेव्हा पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी न दिलेल्या बाळांपेक्षा किती तरी कमी मुलांना झाली. म्हणजे लांब ठेवल्याने संरक्षण होत नाही, उलट होतं. ती सहा महिन्यांची झाल्यावर वरचं अन्न सुरू कराल तेव्हा पूर्ण शिजलेलं अंडं आणि पातळ केलेलं दाण्याचं कूट तिलाही मिळू दे. फक्त भाऊ असा आहे आणि तिच्या अंगावर खरजुल्यासारखं कोरडं पुरळ असेल तर आधी डॉक्टरांशी बोल. काजूचंही त्यांनाच विचार. तिला अंडं भरवायची वेळ आणि जागा वेगळी, तो अंगणात असताना, आणि नंतर तिचं तोंड-हात पुसून. तुझ्या दुधातून तिला काही बाधत नसेल तर तू स्वतः काही सोडायची गरज नाही.

उद्या सकाळी काय, एवढंच राहिलं. उद्या तांदळाची उकड कर. जिऱ्या-लसणाची फोडणी खोबरेलात, ताकाऐवजी पातळ नारळाचा रस आणि दोन कोकमांचं आगळ अगदी थेंबभर. पण रंग येईल, म्हणून त्याच्या वाट्याची आगळ घालायच्या आधी काढून ठेव. सगळे एकदम बसा, एकाच पातेल्यातलं खा, मोबाइल माजघरात. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचल, खाल्लं असो वा नसो. महिन्याने वजन किती भरलं ते कळव, आणि मूगडाळ किती चमच्यांपर्यंत गेली तेही.